तेरा तासांचं घड्याळ

सिद्धगडाच्या पायथ्याच्या त्या वाडीत घरं अठरा आणि पाळ्या एकोणीस. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आधी आपल्याच कानांवर संशय घेतो. पण यात भानगड काही नाही. भात शेतात उभं असेपर्यंत वाडीची सगळी गुरं एकत्र रानात न्यायची आणि रोज एका घरातल्या माणसाने त्यांच्यामागे जायचं, हा तिथला रिवाज. पहिली पाळी नवशाच्या घराची, मग त्याच्या शेजारच्या घराची, असे अठरा दिवस. एकोणिसावा दिवस वाघदेवाचा. त्या दिवशी रान देवाचं, गुरं गोठ्यात आणि माणसं घरात. विसाव्या दिवशी नवशा पुन्हा काठी घेऊन निघतो, कुरकुरत.

ही पाळी कुठेही लिहिलेली नाही. ती गोदूच्या डोक्यात असते. गोदू चौथीपर्यंत शिकलेली. पण "आजपासून चाळीस दिसांनी कोनाची गो?" असं कुणी विचारलं, तर तांदूळ निवडणारा हात न थांबवता ती घर सांगते आणि ते आजवर चुकलेलं नाही. बारसं असो, मुरबाडचं काम असो, वाडी तिला विचारून दिवस धरते. गोदूला स्वतःला यात काही विशेष वाटत नाही. माणसाला आपल्या तोंडात दात किती ते माहीत असतं, तसंच हे, असं ती म्हणते. तिचे चार पडलेत, ते ती मोजत नाही.

भादव्यात एका वासराला बांधावरून हाकताना ती घसरली आणि पायाचं हाड मोडलं. मुरबाडला नेऊन प्लास्टर घातलं. सहा आठवडे पाय खाली टेकायचा नाही, अशी ताकीद मिळाली, आणि तिची भाची रविना पिशवी घेऊन वाडीत येऊन बसली. भाची म्हणायचं आपलं नात्यापुरतं. रविना दीड वर्षाची असताना तिची आई गेली, बाप वैशाखरे गावात दुसरा संसार मांडून बसला, आणि नवरा वारून नुकत्याच माहेरी आलेल्या गोदूने ते पोर कडेवर घेतलं. घेतलं ते एम.एस्सी. होईपर्यंत खाली ठेवलं नाही.

रविना एम.एस्सी. झाली ती गणितात. तिथेच तिला जीवन भेटला. तो सापगावचा, आपल्याच जातीतला, आता शहापूरला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवणारा. मुलगा बघायला गोदू स्वतः सापगावला गेली होती आणि परत येऊन म्हणाली होती, "जेवताना पानात काय टाकत नाय. चांगला हाय." साखरपुडा उन्हाळ्यात झाला. लग्न येत्या वैशाखात.

आणि मग एका बुधवारी प्लास्टर दाखवायला दोघी मुरबाडला उतरल्या. तिथे रविनाच्या फोनला नेटवर्क मिळालं आणि फोनने तिला सांगितलं, की मद्रासकडच्या ज्या संस्थेत तिने अर्ज केला होता, तिथे तिची पीएचडीसाठी निवड झाली आहे. पाच वर्षं. पुढच्या बुधवारपर्यंत होय की नाही ते कळवायचं.

रविनाने दवाखान्याच्या पायरीवरूनच जीवनला फोन लावला. गोदू बाकावर प्लास्टरचा पाय लांब करून ऐकत होती.

"किती वर्षं थांबशील, ते सांग," रविना म्हणाली. "एक आकडा सांग. शून्य म्हणालास तरी चालेल, मी रागावणार नाही. मग मी जात नाही, वैशाखात लग्न करू."

जीवन म्हणाला, की हे त्याच्या एकट्याचं नाही, घरी बोलायला हवं. रविवारी फोन करून आकडा सांगतो.

 सापगाव म्हणजे दोन एस.ट्या बदलून अर्ध्या दिवसात पोचायचं ठिकाण. मद्रास कुठे असतं ते गोदूला फक्त हवामानाच्या बातम्यांमुळे ठाऊक. पण रविनाने फोन ठेवून तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "जा की. शिकलीस कशाला मंग?"  रविनाची नजर प्लास्टरवर होती.

घरी परतल्यावर रविनाच्या लक्षात आलं, की आपण मोठी चूक करून बसलोय. रविवारी फोन येणार तो जांभळीवर.

वाडीत रेंज येते ती एकाच जागी, गोदूच्या अंगणातल्या जांभळीच्या खोडाला ठोकलेल्या खिळ्यापाशी. तीही एकाच कंपनीची. रविनाचा मोठा फोन दुसऱ्या कंपनीचा, म्हणून वाडीत तो निव्वळ आरसा. खिळ्याला टांगलेला असतो नवशाचा बटणांचा फोन, प्लास्टिकच्या पिशवीत. तो उचलून कानाला लावला की रेंज गेलीच. म्हणून पिशवीवरूनच बटण दाबायचं, स्पीकर चालू करायचा आणि झाडाखाली उभं राहून मोठ्याने बोलायचं. कुणाचा जावई कुठे रुसला, कुणाच्या सुनेला कितवा महिना, सगळं सगळ्यांना एकदमच कळतं. मेसेज आला तर नवशा तो वाचून दाखवतो, आणि एकदा वाचून त्याचं समाधान होत नाही.

"शून्य आला तर आत्या, माझ्याआधी नवशाकाकाला कळेल," रविना म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "मला ते आधी एकटीने ऐकायचंय गो. रडायचं असलं तर एकटीने रडायचंय."

"मंग त्याला बोल, हळू बोल."

"स्पीकरवर हळू कसं बोलणार?"

मग ती एकाएकी हसली. तिने चुलीतला एक विझलेला कोळसा उचलला आणि गोदूच्या खाटेशेजारच्या भिंतीवर एक रेघ ओढली. गोदूने ती भिंत दसऱ्यासाठी आठवड्यापूर्वीच सारवून घेतली होती. दुसऱ्या कुणी तसं केलं असतं, तर मोडक्या पायाने उठून तिने त्याला हाणलं असतं.

"चारचौघांत, सगळ्यांच्या देखत, दोन माणसं आपसांत गुपित ठरवू शकतात. आधी काही ठरलेलं नसताना. ही विद्याच आहे आत्या. आम्ही शिकलोय."

"सगल्यांच्या देखत?"

"सगळ्यांच्या देखत."

"खोटं."

हे गोदूला नुसतं सांगून पटणार नव्हतं. आणि खाटेवर पडून पडून तिचा जीव नाहीतरी विटला होता. तेव्हा पुढचे तीन दिवस त्या घरात जे काही चाललं, तसं त्या वाडीत पूर्वी कधी चाललं नसेल.

पहिल्या दिवशी रविनाने भिंतीवर एक वाकडी रेघ काढली. डावीकडे गोल बंद, उजवीकडे वर आणि खाली पसरत गेलेली, जसं आडवं ठेवलेलं सूप. वरची बाजू आणि खालची बाजू अगदी सारखी. याला इलिप्टिक कर्व्ह म्हणतात, लंबवर्तुळाचा वक्र, ती म्हणाली. पण हे लंबवर्तुळ नव्हे, नुसतं नाव तसं पडलंय.

"जैतूच्या काल्या बैलाचं नाव ढवल्या हाय, तसं," गोदू म्हणाली.

"तसंच. आता बघ. या रेघेवरची दोन ठिकाणं घे. त्यांच्यावरून काठी सरळ ठेव. ती काठी या रेघेला आणखी एका ठिकाणी लागते. लागली? आता ते तिसरं ठिकाण खालच्या बाजूला पलटव, पाण्यात सावली पडते तसं. जिथे आलं, ती त्या दोघांची बेरीज."

"पलटवायचं कशाला? लागलं तिथंच ठेव की."

 वर्गात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, रविनाने स्वतःनेही नाही. तिने दोन-तीन काठ्या टाकून पाहिल्या. "न पलटवता ठेवलं, तर तीच तीन ठिकाणं फिरून फिरून येतात. पहिलं नि दुसरं मिळून तिसरं, तिसरं नि पहिलं मिळून पुन्हा दुसरं. पुढे सरकतच नाय."

"म्हंजे तीनच घरांनी गुरं राखायची. बरोबर. पलटव."

एकाच ठिकाणात तेच ठिकाण मिळवायचं असलं, तर काठी तिथे नुसती टेकवून ठेवायची, रेघेला घासून जाईल अशी. हेही गोदूला पटलं. मग रविनाने एक ठिकाण आणि त्याचीच खालची सावली घेतली आणि काठी ठेवली. काठी सरळ उभी राहिली. वर गेली, छपराकडे, आणि रेघेला पुन्हा कुठेच लागली नाही.

"आता? ही दोघांची बेरीज कुठं?" गोदूने विचारलं.

"खूप लांब. या रेघेच्या बाहेर, वर. गणितात त्याला अनंतातला बिंदू म्हणतात. तो कुणात मिळवला तरी काही फरक पडत नाही. शून्यासारखा."

गोदूने छपराकडे पाहिलं. "वाघदेव हाय तो," ती म्हणाली.

रविनाने कोळसा खाली ठेवला आणि आत्याच्या गालाचा मुका घेतला. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत कुणी तिला हे इतकं नीट सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घड्याळ आलं. आपलं घड्याळ बारा वाजले की पुन्हा एकवर जातं, तसं हे तेरा तासांचं. शून्य, एक, दोन, असं बारापर्यंत, आणि पुढे पुन्हा शून्य. चौदा म्हणजे एक, सोळा म्हणजे तीन. याच घड्याळावर बेरीज, याच घड्याळावर गुणाकार. आणि नियम एकच: पहिला आकडा तीनदा मांडून आपसांत गुणायचा आणि त्यात दोन मिळवायचे, दुसरा आकडा दोनदा मांडून तसाच गुणायचा, आणि दोन्हीकडे सारखं आलं पाहिजे.

"एक-चार घे. एक तीनदा गुणला, एकच. दोन मिळवले, तीन. आता चार चोक सोळा. सोळा म्हणजे या घड्याळावर तीन. दोन्हीकडे तीन. म्हणजे एक-चार हे आपल्या वाडीतलं घर."

घड्याळावर आणल्यावर त्या सुपाचा आकार पार मोडला. रेघ उरली नाही, नुसते विखुरलेले ठिपके. पण काठी ठेवायची आणि पलटवायची, ती रीत आकडेमोडीने तशीच चालत राहिली. रविना एक-चारमध्ये एक-चार मिळवत गेली. दोन-सात आलं. मग सहा-सात. मग दहा-एक. गोदू उशीला टेकून प्रत्येकाला घर वाटत गेली: एक-चार नवशाचं, पहिलं. दहा-एक जैतूचं, चौथं. सातवं बाईजाचं, तिथे नऊ-चार आलं. नववं गोदूचं स्वतःचं, बारा-एक. ठिपके भरले अठरा. अठराव्या घरात एक-नऊ आलं, म्हणजे नवशाच्याच घराची सावली, आणि एकोणिसाव्यांदा मिळवल्यावर काठी सरळ वर गेली.

"देव आला," गोदू म्हणाली. तिच्या अंगावर काटा आला होता. "तू मुद्दाम केलंस?"

"कॉलेजात फळ्यावर उदाहरण मांडायचं होतं, तेव्हा मी शोधत बसले होते. ज्यात एकोणीस येतील असं. सरांनी विचारलं, एकोणीसच का? मी सांगितलं नाय." रविना लाजली. "तुझी आठवण यायची तिथं."

गोदूने तोंड फिरवलं आणि पदराने भिंत पुसायचं निमित्त काढलं, आणि सगळ्या आकड्यांवर काजळी फासणार तेवढ्यात रविनाने तिचा हात धरला.

तिसऱ्या दिवशी गुपित. रविनाने मनात एक आकडा धरायचा, गोदूने मनात एक धरायचा, कुणी कुणाला सांगायचा नाही. तितक्या पाळ्या चालून जे घर येईल, तेवढंच मोठ्याने बोलायचं. नवशाने ऐकलं तरी हरकत नाही. मग रविनाने देवापासून निघून गोदूच्या घराएवढ्या उड्या घ्यायच्या, आपल्या गुपित आकड्याइतक्या, आणि गोदूने रविनाच्या घराएवढ्या. दोघी एकाच घरात पोचतात.

"पाच साते नि सात पंचे सारखंच की," गोदू म्हणाली. पण तिने चार वेळा खेळून पाहिलं, आणि चारही वेळा दोघी एकाच दारात उतरल्या, तेव्हा ती लहान पोरीसारखी टाळ्या पिटायला लागली. "आन ऐकनाऱ्याला नाय कलत?"

"त्याला घर कळतं. किती पाळ्या चालून तिथं आलीस, ते नाय कळत."

"मोजंल की."

"या एवढ्याशा वाडीत मोजेल. खऱ्याला घरं इतकी असतात, की तो आकडा लिहिला तर सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर आकडी होतो. पुढे जाणाऱ्याला दुपटीच्या उड्या मारता येतात, एकाचं दोन, दोनाचं चार, चाराचं आठ. तो क्षणात पोचतो. उलटं शोधणाऱ्याने एकेक दार मोजायचं म्हटलं, तर सूर्य विझेल. फोनवरचे निरोप याच विद्येने झाकून जातात." रविनाने हात झटकले. "आपल्याला वाडीपुरतं पुरे. इथं तेरा तासांचं घड्याळ कुणाला माहीताय?"

एवढी हुशार पोर, पण गणतीत तिने एका माणसाला धरलंच नाही.

रविवारी दुपारी फोन वाजला तेव्हा झाडाखाली नवशा होता, बाईजा होती, जैतूची बायको पोराला घेऊन होती, आणि कुणालाच तिथे काही काम नव्हतं. गोदूची खाट ओटीवर आणून ठेवली होती. नवशाने पिशवीवरून बटण दाबलं.

"रविना आहे का?" जीवनचा आवाज आला.

"हाय. सगलीच हावत," नवशा म्हणाला.

"आत्यांचा पाय कसा आहे?"

"बरा हाय रे पोरा!" गोदू ओटीवरून ओरडली.

रविना झाडाखाली गेली. "जीवन, तो आकडा उघडा बोलू नको. मी फळ्यावर मांडलेलं तेरा तासांचं घड्याळ आठवतंय? तीनदा गुणून अधिक दोन?"

 मग तो हसला. "एक-चारपासून?"

"हो. माझं नऊ-चार."

"थांब, वही घेतो." कागद फडफडले. बाईजाने नवशाकडे बघितलं, नवशाने आभाळाकडे. "हं. माझं दहा-एक."

"आता येईल त्या घराचा पहिला आकडा, ती चावी. त्यात तुझा तो आकडा मिळव आणि सांग."

या वेळी बराच वेळ गेला. रविनाच्या ओठांवर जीभ फिरत होती. गोदूला ते ओटीवरून दिसत होतं.

"चार," जीवन म्हणाला.

"नक्की?"

"तीनदा मोजलंय. नक्की. आत्यांना सांग, लवकर बऱ्या व्हा." आणि फोन कट झाला.

नवशाने मान डोलावली. "कललं मला. तारीख काढली. नऊ-चार म्हंजे नऊ एप्रिल, त्याला दहा-एक पायजे, दहा जानेवारी. पन जानेवारीत पौष असतो बाबा, पौषात लगीन कोन लावतो? आन चार वाजताचा मुहूर्त." बाईजा म्हणाली, की चार वाजता म्हणजे जेवणावळ उन्हात, हे सापगावच्या लोकांना समजायला पायजे. त्यावरून दोघांची जुंपली आणि ती जुंपलेलीच गोठ्यांकडे निघून गेली.

रविना ओटीवर येऊन खाटेच्या काठावर बसली. "शून्य बोलला, आत्या," ती म्हणाली. "घरचे तयार नाहीत. जाऊ दे. बुधवारी मुरबाडला गेलो की नको म्हणून कळवते. सापगाव काय, जवळच आहे. दर रविवारी येईन मी तुझ्याकडे."

गोदूला आधी काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. तिला बरं वाटलं. दर रविवारी.  मग पोरीच्या तोंडाकडे पाहून तिची तिलाच लाज वाटली. तिने रविनाचा हात धरून ठेवला. रविना रडली नाही. हंडा उचलून ती विहिरीवर गेली.

आणि ती रडली नाही, हेच गोदूला खटकायला लागलं. एकटीने रडायचंय म्हणून ज्या पोरीने भिंत काळी केली, ती हंडा उचलून विहिरीवर जाते? आणि तो जीवन. ओळख नसल्यासारखा नाही बोलला. हसला. नकार देणारा माणूस आत्याच्या पायाची दोनदा चौकशी करत नाही, एकदा करतो आणि फोन ठेवतो.

गोदूने भिंतीकडे मान वळवली. ओटीवरून उघड्या दारातून आकडे दिसत होते, पण तिला बघायची गरज नव्हती. घरं तिला पाठ होती.

नऊ-चार म्हणजे बाईजाचं घर. सातवं. म्हणजे पोरीने मनात सात धरला होता. दहा-एक म्हणजे जैतूचं. चौथं. म्हणजे त्याने चार धरला. आता देवापासून चाराच्या सात उड्या. चार, आठ, बारा, सोळा. पुढची वीस, म्हणजे देव ओलांडून नवशाचं दार, पहिलं. मग पाचवं. मग नववं.

नववं घर तिचं स्वतःचं. बारा-एक. चावी बारा.

तो म्हणाला चार. बारात किती मिळवले म्हणजे त्या घड्याळावर चार वाजतात? गोदूने उजव्या हाताची बोटं उघडली. बाराच्या पुढे शून्य, एक बोट. एक, दोन बोटं. दोन, तीन बोटं. तीन. चार.

पंजा पुरता उघडला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली.

रविना परतली, हंडा उतरवला, आणि आत्याने हाक मारली त्या सुरावरूनच तिला काहीतरी बिनसल्याचं कळलं.

"काय बोलला तो?"

"सांगितलं ना. शून्य."

"शून्य असता तर बारा बोलला असता," गोदू म्हणाली. "चार बोलला. पाच वर्सं थांबतो बोलला तो."

रविनाच्या डोक्यावरची चुंबळ खाली पडली. तिने भिंतीकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून आधी जे निघालं ते, "सातवं घर बाईजाचं!" एवढंच. मग ती जमिनीवर बसली आणि आता मात्र रडली, चांगली हमसून हमसून.

"लबाड," गोदू म्हणाली.  "माझ्याशी लबाडी करतेस? मी तुला दूध वाटीनं पाजलं नि तू माझ्याशी?"

"तुला कोण बघणार गो? पाणी कोण आणणार? हा पाय बरा होईल, पुढच्या खेपेला दुसरं काही होईल. जांभळीवर फोन करून मी काय करणार तिकडून? मला नाय जायचं."

"पानी बाईजा आनंल. जैतूची बायको आनंल. आजवर मी कोनाचं नाय केलं? पान्याचं नको सांगू मला." गोदूने उशीचा आधार घेऊन स्वतःला वर ओढलं. प्लास्टरचा पाय खाटेच्या पट्टीवर आपटला, तिने लक्ष दिलं नाही. "त्या परक्याच्या पोराला तू दवाखान्याच्या पायरीवर बसून इचारलंस, किती वर्सं थांबशील. त्याच्या आईबापाला इचारायला लावलंस. आन मला? मला कोनी इचारलं?"

रविनाने डोळे पुसले. गोठ्यांकडून अंगणात परतलेले नवशा आणि बाईजा अजून पौषावरून भांडत होते, ते आता थांबून ओटीकडे बघायला लागले होते. रविनाने त्यांच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला नाही.

"आत्या," ती म्हणाली, "तू किती वर्षं थांबशील?"

गोदूने आपला आकडा कशातही मिळवला नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असा उघडाच सांगितला.

"पाच," ती म्हणाली. "लय तर सहा. त्याच्या वर नको गो लावू, पोरी. तुझ्याबिगर मला करमत नाय."